लिंबाखालचा रुसवा

मुहूर्ताला चौदा मिनिटं उरली होती, आभाळ भरून आलं होतं आणि नवरदेवाचे मामा रंगनाथराव मंगल कार्यालयासमोरच्या लिंबाखाली रुसून बसले होते. मानाचा फेटा त्यांच्याआधी नवरदेवाच्या काकांना बांधला गेला होता.

नवरीचे वडील भानुदास त्यांची समजूत काढत असतानाच खिशातला फोन बोलू लागला, "कार्यालयासमोरचा लिंब. बारा एकेचाळीसला वीज पडेल. पक्क्या इमारतीत जा."

झाडागणिक मिळणारा हा अंदाज गेल्या तीन वर्षांत एकदाही चुकला नव्हता. भानुदासांनी घड्याळ पाहिलं. हातात नऊ मिनिटं होती.

"मामा, आता तरी उठा."

"असले फोन कुणालाही वाजवता येतात," म्हणत मामांनी मांडी आणखी घट्ट घातली.

मग भानुदासही शेजारी मांडी घालून बसले.

"हे काय भानुदासराव?"

"रुसलेल्या पाहुण्याला एकटं टाकून जायची आमच्यात रीत नाही."

"आणि कन्यादान कोण करणार?"

"ते तुम्हीच ठरवा." भानुदासांनी स्वतःचा फेटा काढून मामांच्या डोक्यावर ठेवला. त्यांचे हात चळाचळा कापत होते. ते पाहून मामांना फोन खरा वाटला आणि भानुदासांचं मनगट धरून ते कार्यालयाकडे पळत सुटले.

तिसऱ्या मंगलाष्टकाला खिडक्या हादरल्या. बाहेर लिंब उभा चिरला होता. अक्षता टाकून मामांनी रागाने बंद केलेला आपला फोन सुरू केला.

"काय बघताय?" भानुदासांनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात धाकट्या भाच्याचं लग्न आहे. तिथं रुसायला कुठलं झाड बरं, ते बघून ठेवतो."