पाणी देऊ का?

"नको नको, राहू दे," परीक्षक म्हणाले. ललितने मान डोलावली आणि भरलेला पेला स्वयंपाकघरात परत नेऊन ठेवला.

दीपमालाने डोळे मिटले. सहा महिने तिने आपल्या या चोवीस वर्षांच्या दिराला एकच गोष्ट शिकवली होती. पाहुणा आला की विचारायचं. हो म्हणाला तर द्यायचं, नको म्हणाला तर परत न्यायचं. ललित ते बिनचूक करत होता. तीच तर पंचाईत होती.

एप्रिल महिना, मखमलाबादच्या मळ्यातलं पत्र्याचं घर, आणि परीक्षक पहाटेच्या एसटीने थेट पुण्याहून आलेले. घशाला कोरड पडलेली दिसत होती. पण सभ्य माणूस दुसऱ्याच्या घरी पहिल्या विचारण्याला हो म्हणत नाही. दुसऱ्यालाही म्हणत नाही. तिसऱ्यांदा आग्रह झाला की 'आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर' असं म्हणून तांब्या रिकामा करतो. हे ललितला कुणी शिकवलं नव्हतं. ते कुणालाच कुणी शिकवत नाही. दीपमाला करत असलेल्या स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, डिप्लोमालाही ते नव्हतं.

"पंख्याखाली बसता का?" ललितने विचारलं.

"नको, इथं ठीक आहे."

पंख्याखाली कुणीच बसणार नाही म्हटल्यावर ललितने पंखा बंद केला.

"मॅडम, मध्ये बोलायचं नाही," परीक्षकांनी आल्या आल्या बजावलं होतं. "बोललात की पाच मार्क कापणार." दीपमाला गेल्या वर्षी याच प्रॅक्टिकलला तीन मार्कांनी गेली होती. ही शेवटची संधी. गंगापूर रोडवरची एक शाळा जूनपासून ललितसारख्या मोठ्या मुलांसाठी वर्ग काढणार होती, पण डिप्लोमा झालेली बाई मिळाली तरच. नाहीतर ललित आणखी एक वर्ष मेथीच्या जुड्या बांधणार, सगळ्या सारख्या दिसेपर्यंत सोडून पुन्हा बांधणार, आणि तोवर बाजाराची गाडी निघून जाणार.

दाराआडून सासूबाई, सिंधुबाई, पाहत होत्या. दीपमालाच्या अभ्यासाबद्दल त्यांनी आजवर एकच प्रश्न विचारला होता, पण तो रोज विचारला होता. "ह्या कोर्सानं ललित आपल्यासारखा होईल का?" दीपमाला म्हणायची, "तसं नसतं, आई." आणि सिंधुबाई म्हणायच्या, "मग फी कशाची घेत्यात?"

आता त्या कुजबुजल्या, "अगं, उन्हातनं आलेला माणूस हाय. दे की पाणी."

"मला बोलायचं नाहीये, आई."

"बोलू नको. पाणी दे."

"पाण्याचेच मार्क आहेत."

ललितने तिसरा प्रश्न विचारला. "चहा देऊ का?"

"आत्ताच झाला."

"कुठे?"

परीक्षक क्षणभर अडखळले. "स्टँडवर."

"बरं," म्हणत ललितने आत जाऊन उकळत्या चहाखालचा गॅस बंद केला. आल्याचा वास मात्र घरभर हिंडत राहिला. परीक्षकांनी तो दोनदा ओढून घेतला आणि प्रश्नावली वाचायला सुरुवात केली.

दुसऱ्या प्रश्नाला त्यांना ठसका लागला. तिसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं. खोकता खोकता त्यांनी हात वर करून माठाकडे दाखवलं. ललितने त्या हाताकडे पाहिलं, मग माठाकडे पाहिलं, आणि माठ जागेवर आहे याची खात्री करून तो पुन्हा बसला. हा माणूस नको म्हणाला होता.

दीपमालाने पाच मार्कांचा हिशेब केला आणि सोडून दिला.

"सर, तुमच्याच पुस्तकातला चौथा धडा," ती म्हणाली. "मनात असेल तेच बोला. तुम्ही जे म्हणता ते त्याला खरं वाटतं."

परीक्षकांनी पेन उघडलं आणि खोकत खोकतच पाच मार्क कापले. मग त्यांनी ललितकडे पाहिलं. चौथा धडा त्यांनी लिहिला होता, बाकीच्यांना शिकवलाही होता. वापरायची वेळ आली नव्हती.

"ललित," ते म्हणाले, "मला पाणी हवं आहे."

ललितने पाणी आणलं. पेला एका दमात रिकामा झाला.

"आणखी देऊ का?"

"न..." परीक्षकांनी ओठ मिटले. "हो. दे."

तिसरा पेला त्यांनी आपण होऊन मागितला. मग पंखा मागितला. मग चहा मागितला, वर साखर कमी आणि आलं जास्त असंही सांगितलं. माणूस एकेक बटण सोडत गेल्यासारखा सैल होत होता. चहाची बशी चाटूनपुसून त्यांनी कागदावर आकडा लिहिला आणि तो दीपमालाकडे फिरवला. पन्नासपैकी एकतीस. पास.

दीपमाला भिंतीला टेकली. ललितने पेला विसळून पालथा घातला.

परीक्षक चपला घालू लागले. सिंधुबाई डोक्यावर पदर घेत बाहेर आल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. निघालेल्या प्रत्येक पाहुण्याला चाळीस वर्षं म्हणत आलेलं वाक्य त्यांनी म्हटलं, "आता दोन घास खाऊनच जा, साहेब." आणि 'पुन्हा कधीतरी' ऐकण्याआधीच त्या आत वळल्या. टोपल्यात एक भाकरी होती, तीही सकाळची.

"हो, जेवतो," परीक्षक म्हणाले आणि त्यांनी चपला काढल्या. "भूक लागली आहे."

सिंधुबाई होत्या तिथंच थांबल्या. मग त्यांनी दीपमालाचं कोपर धरलं, तिला ओढत चुलीपाशी नेलं आणि दात आवळून म्हणाल्या,

"बये, ह्या साहेबाला परत आपल्यासारखा कर."