किमचीच्या डब्यातला टॉवेल

कोरियातल्या येओसू शहराच्या इस्पितळाच्या दारातच चौकीदाराने मानसॉपला अडवलं. वर आई शेवटच्या घटका मोजत होती आणि पोटच्या पोराला आत जायची सोय नव्हती.

चौकीदार काही वाईट माणूस नव्हता. पण मागच्या खेपेला मानसॉप जिन्यापर्यंत पोचतोय तोच गॅस गळतोय म्हणून ओरडा झाला, आणि अख्खा मजला पेशंटसकट रस्त्यावर आला. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकाचं जे जहाल रसायन थेंबथेंब घालतात, ते मानसॉपच्या कारखान्यात बनतं. आज पिंप बदलताना नळी निसटली आणि शिंतोडे अंगावर उडाले. तेवढ्यात बहिणीचा फोन. बिचाऱ्याने कातडी सोलेस्तोवर अंग घासलं, कपडे बदलले. वास गेला की नाही हे त्याला कुठलं कळायला, त्या रसायनाने त्याचं नाक कधीच मारून टाकलं होतं. कारखान्यात ते कँटीनची बाई ठरवते. तिने हुंगून नकारार्थी मान हलवली.

बहीण ओक्सुन नाकाला बाही लावून खाली आली. आईबापाच्या शेवटच्या श्वासाला मुलगा उशाशी नसणं, याहून मोठं पाप आम्हा कोरियन लोकांत नाही.

"दादा, डोळे उघडत नाही ती. पण मान दाराकडेच."

मानसॉपने गळ्यातला, कारखान्यात रोज वापरायचा टॉवेल काढला. "तुझ्या गाडीत किमचीच्या लोणच्याचा रिकामा डबा असेल, घट्ट झाकणाचा. यात घालून ने. तिच्या नाकाशी उघड आणि लगेच बंद कर."

ओक्सुन वर गेली. चौकीदाराने मशीनमधली कॉफी आणून त्याच्या हातात दिली. ती तशीच गार झाली.

ओक्सुन परत आली ती सावकाश. डबा बंद होता.

"हसली रे. म्हणाली, आला वाटतं माझा पोरगा. जेवलाय का विचार त्याला."

"मग?"

"टॉवेल ओढून गालाशी धरला, सोडेचना. नर्सबाईंनी गुपचूप खिडक्या उघडल्या." ओक्सुनने डबा त्याच्या हातात दिला. "मग तिच्या हातातून आपोआप सुटला."

मानसॉप डबा घेऊन फाटकाबाहेर गेला. झाकण काढून त्याने टॉवेल तोंडावर दाबला, आईचा काही वास लागलाय का म्हणून पुन्हापुन्हा हुंगत राहिला. रस्त्यावरची माणसं नाकं दाबून पळाली. त्याला कसलाच वास येत नव्हता.