नवसाबाईंचा अंगठा

"साहेब, एकदा बाईंची सही लावून घ्या, म्हणजे तुमचाही ताप संपला आणि आमचाही," असं म्हणत उपसरपंच चिमाजीने अर्ज टेबलावर सरकवला. अंगठ्याऐवजी सही नोंदवायचा अर्ज. सगळा भरून आणलेला.

बँकेच्या घोटी शाखेत शनिवारच्या बाजाराची गर्दी होती. मॅनेजर गायधनींनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून समोर पाहिलं. करवंदवाडीच्या सरपंच नवसाबाई खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या होत्या. पूर्ण खुर्चीवर चिमाजीच बसायचा.

अठ्ठ्याण्णव साली करवंदवाडीचं सरपंचपद आदिवासी बाईसाठी राखीव झालं. चिमाजीने गाव पालथं घालून वरच्या वाडीतली, लिहिता-वाचता न येणारी, वर मान न करणारी नवसाबाई शोधली आणि निवडून आणली. कारभार आपला, अंगठा बाईचा, असा त्याचा साधा बेत. गडी हुशार, पण बँकेत अंगठ्याला किती सोवळं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. ग्रामसेवकाची सही आणि बाईचा अंगठा घरीच घेतलेला पहिला चेक गायधनींनी तसाच परत केला. अंगठा मॅनेजरच्या समोर उठला पाहिजे. चेक कोणाच्या नावाचा आणि कशासाठी, हे आधी बाईंना वाचून दाखवलं पाहिजे. सही करणारी सरपंच असती तर अख्खं चेकबुक एका बैठकीत सह्या होऊन चिमाजीच्या खिशात गेलं असतं.

गायधनी मूळचे पंचवटीतल्या भिक्षुकाच्या घरातले. लहानपणी मंत्रातला एक शब्द गळला तरी वडील पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. ती खोड बँकेतही गेली नाही, आणि स्टाफ त्यांच्या माघारी त्यावरून हसत असे. हसोत बापडे. दर महिन्याला चिमाजी जीपचं भाडं भरून नवसाबाईंना घोटीला आणायचा आणि गायधनी प्रत्येक चेक ठणठणीत आवाजात वाचून दाखवायचे.

पहिले काही महिने बाई नुसत्या मान हलवायच्या. मग एकदा रस्त्यावरच्या दिव्यांचा चेक वाचल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "ह्ये दिवे कुठं लागले, सायेब?" आणि गेल्या महिन्यात नळ-योजनेचा चेक आला. 'काम पूर्ण' असं गायधनींनी वाचलं, तशी नवसाबाईंनी मान वर केली.

"पुरं नाय झालं," त्या म्हणाल्या. "पाईप चिमाजीभाऊंच्या मळ्यापाशी थांबलाय. आमच्या बाया अजून झिऱ्यावरच जात्यात. वाडीत पाणी चढू द्या, मग अंगठा."

त्या दिवशी चिमाजीचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. गायधनींना मनातून इतका आनंद झाला, की संध्याकाळी घरी जाताना त्यांनी पावशेर पेढे नेले.

आज मात्र त्यांना धाकधूक होती. अर्ज नियमात बसत होता. सही लागली, की बाईंना इथे यायची गरज नाही आणि वाचून दाखवायचीही नाही. वरच्या वाडीचं पाणी त्या एका कागदावर अडणार होतं.

"काय बाई, शिकणार ना सही?" त्यांनी नाइलाजाने विचारलं.

"नाय जमायचं, सायेब. कोयत्याला वळलेला हात हाय माझा. आता पेनाला कुठं वळायचा?"

"अहो, मी मास्तर लावतो की घरी!" चिमाजी म्हणाला.

"मास्तरची फी पाईपाला घाला, भाऊ."

गायधनींनी खोकल्याच्या निमित्ताने तोंडावर रुमाल धरला. चिमाजीने अर्ज उचलून चुरगळला. पुढचे दोन महिने ठेकेदार त्याच्या दारात खेटे घालत राहिला. शेवटी पैसे हवेत म्हणून निमूटपणे मळ्याच्या पुढे पाईप टाकून तो मोकळा झाला.

मग एका शनिवारी नवसाबाई आल्या. जीपमधून नाही, एसटीने. बरोबर ग्रामसेवक आणि मागे वरच्या वाडीच्या दहा-बारा बाया. त्यांनी बँकेतली सगळी बाकडी धरली. "पाणी चढलं, सायेब!" एक म्हातारी दारातूनच ओरडली आणि कॅशियरसुद्धा नोटा सोडून हसला. चिमाजी बाहेर रस्त्यापलीकडे उभा होता. आत यायची त्याची छाती झाली नाही. नवसाबाई खुर्चीवर ऐसपैस मागे टेकून बसल्या.

गायधनींनी शाईचं पॅड पुढे ठेवलं आणि वाचून दाखवायला चेक हातात घेतला.

"ऱ्हाऊ द्या, सायेब," नवसाबाई पुढे झुकून हळू बोलल्या. "त्यावर तारीख मागल्या महिन्याची पडलीय. तेवढी नीट करून घ्या. बाकी बरूबर हाय."

गायधनींनी चेक पाहिला. महिना खरंच चुकला होता.

"तुम्हाला वाचता येतं?"

"अंगणवाडीच्या बाईकडं शिकले. सहीबी येते. वाडीत कुणाला बोलले नाय अजून."

"अहो, मग त्या दिवशी चिमाजी सही लावा म्हणून विनवत होता, तेव्हा...?"

"त्यांच्या ओट्यावर धा माणसांत नाय म्हणायला माझी जीभ उचलत नाय, सायेब," नवसाबाईंनी अंगठा पॅडवर टेकवला. "सही एकटी बँकेत येती. अंगठ्याबरोबर बाईला आणावं लागतं."