पाऊल उचलल्यावर

बुटाचा ठसा गवतात तसाच राहिला होता. टाचेखालची पाती आडवी झाली होती आणि पाऊल उचलून बराच वेळ झाला तरी ती उठत नव्हती. नुपूर वाकून बघत राहिली.

वाफ्याच्या टोकाला ट्रक उभा होता. कतारमधल्या मदिनत अश शमाल गावाच्या वाटेवरच्या या नर्सरीतलं गवत मुळा-मातीसकट कापून फुटबॉल वर्ल्ड कपच्या सरावाच्या मैदानांवर जायचं होतं. आज या वाफ्याची पाळी होती. गवत तपासणाऱ्या नुपूरच्या 'हो'साठीच सगळं थांबलं होतं.

"काय गो पाहुणीबाई, कापायचं ना?" कमालभाईंनी हाक दिली.

चिपळूणचे कमालभाई इथले सुपरवायझर. पहिल्या दिवसापासून ते तिला पाहुणीबाई म्हणत. ती पाठीवरची सॅक कधी लॉकरमध्ये ठेवत नसे. डबा गाडीत बसून खाई. विचारलं तेवढंच सांगे. थोड्या दिवसांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेल्या मुलीने आणखी काय करायचं? तो कॉन्ट्रॅक्ट वाढवायचा का, या प्रश्नालाही ती महिनाभर "सांगते, इन्शाल्ला" एवढंच म्हणत होती.

तिने ओलावा मोजायचा मीटर मातीत खुपसला. आकडा योग्य होता. एरवी तो वाचून दाखवून ती बाजूला झाली असती.

नाशिकला बाबांच्या नर्सरीत मीटर नव्हता. संध्याकाळी बाबा तिला अनवाणी गवतात उभं करत. "आता हो बाजूला," म्हणत, आणि दोघं उकिडवे बसून बघत. पाती हळूहळू उठत. चुरडलेल्या गवताचा वास झोपेपर्यंत पायांना येई. गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी बाबांना घाई नसे. "उठलं तर द्यायचं. नाही उठलं तर अजून आपल्यापाशी ठेवायचं." बाबा गेले, नर्सरी विकली. त्यानंतर ती गवतात अनवाणी उभी राहिली नव्हती.

नुपूरने सॅक उतरवून वाफ्याच्या कडेला ठेवली. बूट काढले. गवतात उभी राहिली, मग बाजूला झाली. कमालभाई शेजारी येऊन उकिडवे बसले.

पाती उठली नाहीत.

"खालची माती ओली आहे, पण मुळं तिथवर पोचलेली नाहीत," ती म्हणाली. "मैदानावर नेलं तर वाळेल. ट्रक परत पाठवा."

"अगो, ऑफिसात बोंब होईल. शिव्या मी खाणार."

"माझं नाव सांगा."

कमालभाई तिच्या मातीने भरलेल्या पायांकडे बघत राहिले. "बरं. पण मग या वाफ्याकडे बघायचं कोणी? तू तर चाललीस परत."

"हे अजून आपल्यापाशी ठेवायचं," नुपूर म्हणाली. "मी बघेन. मी थांबतेय, कमालभाई."