आयता नमुना

अनुदान मिळावं म्हणून मास्तरांनी वर्षभर संस्थांचे उंबरठे झिजवले होते. आजी-आजोबांना मोबाईल आणि संगणक शिकवणाऱ्या त्यांच्या वर्गातली जुनी यंत्रं एकेक करून मान टाकत होती. बायकोने तर "अनुदान आलं की मला उठवा" म्हणून विषयच संपवला होता.

त्या दिवशी ऑनलाइन फसवणुकीचा धडा होता आणि ऐन वेळी मास्तरांच्या मोबाईलवर आयता नमुना येऊन पडला. त्यांनी तो खुशीत भिंतीवर मोठा करून दाखवला: 'अभिनंदन! आपली निवड झाली आहे. लिंक उघडून बँकेचा तपशील भरा.'

"बघा, चोर कसा गोड बोलतो! फुकट पैसे कुणी देतं का कुणाला? मला विचारा! चला, सगळ्यांनी हा नंबर ब्लॉक करा आणि तक्रार ठोका."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मास्तरांची कॉलर ताठ झाली.

पुढच्या आठवड्यात वर्गाच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. "मी अनुदान देणाऱ्या संस्थेतून आलेय. तुमचा वर्ग निवडला म्हणून मेसेज केला, तर इतक्या तक्रारी झाल्या की आमचा नंबरच बंद पडला! आज शेवटची तारीख, म्हणून स्वतःच आले. फक्त बँकेचा तपशील द्या."

मास्तर घाईघाईने पिशवीतून पासबुक काढू लागले, तोच पहिल्या बाकावरच्या आजी कडाडल्या,

"मास्तर, पासबुक आत ठेवा! हे चोर आता घरपोच यायला लागले!"