दुपारचं ताक

सुहासिनीने किचनच्या दाराकडे एकदा बघितलं आणि ग्लासभर ताक कढीपत्त्याच्या कुंडीत ओतून टाकलं. आज शेवटचं. टॅक्सी बाहेर येऊन उभी होती.

लेकीची, तनयाची, डिलिव्हरी नॉटिंगहॅमला. म्हणजे आता तीन महिने इंग्लंडमधल्या ह्या स्लाऊच्या घरात नवरा, रघुवीर, एकटा, आणि हे झाड. गल्लीत कढीपत्ता सगळ्यांनी लावून बघितला. सगळ्यांचा पिवळा पडून गेला. हिचा मात्र कॉन्झर्व्हेटरीच्या, काचेच्या खोलीच्या, छताला टेकलेला. लोक डहाळ्या न्यायला यायचे, सीक्रेट विचारायचे. ही नुसती हसायची.

सांगणार काय, कपाळ? डॉक्टरने हाडांसाठी कॅल्शियम सांगितल्यापासून रघुवीर रोज दुपारी स्वतः ताक घुसळून हातात द्यायचा. एवढ्या प्रेमाने, की नाही म्हणवेना. आणि हिला दूध-ताक लहानपणापासून नको. त्याच्यासमोर जेमतेम एक घोट घ्यायची. सुरुवातीला निदान मीठ-जिरं तरी असायचं. मग आंबटढाण, पाणचट आणि अळणी. "मीठ तरी घाला हो!" म्हटलं की म्हणायचा, "मीठ वाईट." बाकी माणूस हाताचा बरा. रिटायर झाल्यापासून पोळ्या त्याच्याच, आणि पोळ्या कसल्या, लोणी!

पण ताक बंद झालं तर झाड जाणार. तिने डोळे मिटून सांगून टाकलं.

"अहो, रागावू नका. ते ताक मी घोटभर सोडलं तर कधी प्यायलेच नाही. रोज ह्याला घातलं. मी नसले तरी ह्याला देत जा."

रघुवीरने चेहरा पाडला. मग मिशी हलली.

"पहिल्याच आठवड्यात पकडलं होतं तुला, खिडकीतून. म्हणून तर मीठ बंद केलं. मिठानं झाड मरतं, बाई. इथलं पाणी चुन्याचं, किटली बघ कशी पांढरी होते. त्या पाण्यावर मुळांना मातीतलं लोह घेता येत नाही, पानं पिवळी पडतात. आंबट ताक पडलं की घेता येतं."

"अगं बाई! इतके दिवस ताक झाडासाठी घुसळत होतात? आणि माझ्या हाडांचं काय?"

टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. रघुवीरने तिच्या हातात गरम डबा ठेवला.

"वाटेत पोळ्या खा. कणीक दुधात मळलीय. रोजच्यासारखी."