खिडकीबाहेरचं काहीतरी

घरात रोजच्यासारखी लगीनघाई होती. गॅसवर दूध उतू जायच्या बेतात, खाली शाळेच्या बसचा हॉर्न, आणि तिची छोटी एकाच पायात बूट घालून आजोबांशेजारी खिडकीच्या काचेला नाक लावून उभी.

"बाबा, रिटायर तुम्ही झालात, आम्ही नाही!" तिने छोटीचा दंड धरून ओढला.

"हळू गं! दोन मिनिटं तूही बघ की," बाबा कुजबुजले.

"उशीर होतोय," ती म्हणाली. रोज म्हणायची तशीच.

त्या रात्री बाबा झोपेतच गेले.

तेव्हापासून छोटी हॉर्नच्या आधीच दोन्ही बूट घालून, दप्तर पाठीला लावून दाराशी गुपचूप उभी राहते. हाका माराव्या लागत नाहीत, डोळे वटारावे लागत नाहीत.

आज तिलाच ते बघवेना. तिने गॅस बंद केला आणि छोटीला खिडकीशी नेलं. समोरच्या इमारतीची भिंत, पाण्याचे पाइप, दोरीवरचे कपडे.

"काय बघायचात गं तुम्ही दोघं?"

"रोज वेगळं असायचं." छोटीने टाचा उंचावून बराच वेळ शोधलं. मग हळूच म्हणाली, "मला नाही सापडत, आई. आजोबा दाखवायचे, मग दिसायचं."

खाली हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

तिने काचेला कपाळ टेकवलं. "दाखवा ना, बाबा. होऊ दे उशीर."